घरबसल्या विद्यापीठ, पण एकट्याने नव्हे

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या व्यासपीठावरून दरवर्षी मोठमोठ्या विषयांवर बोललं जातं, आणि ते व्हायलाच पाहिजे. पण यंदा समितीच्या बैठकीत एका भगिनीने सरळ प्रश्न टाकला. ती म्हणाली, "माझ्या मुलीच्या मोबाइलवर रोज कुठल्या तरी ऑनलाइन विद्यापीठाची जाहिरात येते. खरं कुठलं, खोटं कुठलं, पैसे भरायचे का नाही, हे आम्हाला कोण सांगणार?" गेल्या जुलैपासून आमचा एक छोटासा अभ्यासगट याच विहारात बसतो आहे, म्हणून सगळ्यांची नजर आमच्याकडे वळली. हे भाषण म्हणजे त्या भगिनीच्या प्रश्नाला उत्तर आहे.

आधी एक खुलासा. आम्ही काही प्राध्यापक नाही. सूतगिरणीच्या रिंग खात्यात तीन पाळ्यांत काम करणारी आम्ही माणसं. आमचं शाळेतलं शिक्षण दहावीपर्यंत. पुढचं जे काही झालं ते वाचनालयात, युनियनच्या ऑफिसात आणि याच विहाराच्या सतरंजीवर. तेव्हा आम्ही जे सांगू ते गिरणीतल्या माणसाच्या भाषेत सांगू. कुठं अडलं तर मध्येच विचारा.

कामकरी माणसाच्या शिक्षणात पहिली अडचण नेहमी वेळेची असते. शाळा-कॉलेजं भरतात त्याच वेळी गिरणी भरते. ही अडचण आजची नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ साली रात्रीची शाळा काढली, ती दिवसा राबणाऱ्या स्त्री-पुरुषांसाठी. १९४६ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं, तेव्हा तिथं सकाळचे वर्ग ठेवले, म्हणजे पोरांनी सकाळी शिकावं आणि नंतर नोकरीवर जावं. १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, स्थापन झालं आणि १९८९ साली नाशिकला आपलं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ झालं. तेव्हा पुस्तकं टपालाने घरी येऊ लागली. आता मोबाइलवर प्राध्यापकच घरी येतो. रात्रीची शाळा, सकाळचं कॉलेज, टपालाचं पुस्तक आणि आता ऑनलाइन शिक्षण, ही एकाच वाटेवरची गावं आहेत. शिक्षणाने माणसाच्या सवडीला यावं, असा त्या वाटेचा अर्थ.

मात्र एक फरक ध्यानात घ्या. रात्रशाळेत मास्तर हजेरी घेत होते. शेजारी बसणारा सोबती "काल का आला नाहीस?" म्हणून विचारत होता. मोबाइल असं काही विचारत नाही. नाव नोंदवायला पाच मिनिटं लागतात आणि सोडून द्यायला तेवढीही लागत नाहीत. जगभर ऑनलाइन अभ्यासाला नाव नोंदवणारे खूप आणि शेवटपर्यंत पोचणारे थोडे, अशीच अवस्था आहे. गेटवर कार्ड पंच केलं म्हणून सूत निघत नाही, तसंच हे.

आता मुद्द्याकडे येऊ. "ऑनलाइन कोर्स" या एका शब्दात तीन निरनिराळ्या गोष्टी लपलेल्या असतात. घोटाळा होतो तो इथंच.

पहिली गोष्ट म्हणजे नुसती व्याख्यानं. ती ऐकायची, शिकायचं, पण परीक्षा नाही आणि प्रमाणपत्रही नाही. दुसरी गोष्ट म्हणजे एका विषयाचा ठराविक आठवड्यांचा कोर्स. त्यात दर आठवड्याला स्वाध्याय सोडवायचा, शेवटी परीक्षा द्यायची आणि पास झालं की त्या एका विषयाचं प्रमाणपत्र मिळतं. तिसरी गोष्ट म्हणजे पूर्ण पदवी: बी.ए., बी.कॉम., एम.ए. वगैरे. तिला प्रवेश घ्यावा लागतो, फी असते, वर्षं लागतात. जाहिरातवाले दुसऱ्या गोष्टीला तिसरीचा रंग देऊन विकतात. म्हणून कुणीही समोर माहितीपत्रक धरलं की पहिला प्रश्न हाच विचारा: यातून पदवी मिळणार, प्रमाणपत्र मिळणार, का नुसतं ज्ञान मिळणार? ज्ञान मिळालं तरी उत्तमच, पण त्याला पदवीचे पैसे मोजू नका.

आमचं म्हणणं असं की, सुरुवात दुसऱ्या गोष्टीपासून करावी आणि तीही सरकारी ठिकाणापासून. केंद्र सरकारने ९ जुलै २०१७ रोजी 'स्वयं' नावाचा उपक्रम सुरू केला. आय.आय.टी., इग्नू, आय.आय.एम. बेंगळुरू आणि देशातली कितीतरी विद्यापीठं यांच्या प्राध्यापकांचे कोर्स तिथं एका जागी मिळतात. नुसतं इंजिनिअरिंगच असतं असं समजू नका. अर्थशास्त्र, इतिहास, हिशेब, शिक्षणशास्त्र, संगणक, इंग्रजी असे सगळे विषय आहेत. नाव नोंदवून शिकायला एक पैसाही लागत नाही. शेवटची परीक्षा देऊन प्रमाणपत्र पाहिजे असेल तेवढ्यापुरतीच फी आहे, आणि त्या फीमध्येही अनुसूचित जाती-जमातींना सवलत असते. रक्कम सत्रागणिक बदलू शकते, म्हणून अर्ज भरताना तिथं लिहिलेला आकडाच खरा धरायचा. दुसऱ्याच्या तोंडचा आकडा धरायचा नाही.

सुरुवात कशी करायची ते पायरीपायरीने सांगतो.

आधी स्वतःचा ई-मेल काढा. स्वतःचा म्हणजे स्वतःचा. सायबर कॅफेवाल्याचा नको, भाच्याचा नको. पुढची सगळी पत्रं, परीक्षेच्या तारखा आणि प्रवेशपत्राची सूचना त्याच पत्त्यावर येते. पासवर्ड वहीत लिहून वही ट्रंकेत ठेवा. तो मोबाइलवर कुणाला पाठवू नका.

मग 'स्वयं'च्या सरकारी ठिकाणी जायचं. पत्ता आहे स्वयं डॉट जीओव्ही डॉट इन. तिथं नाव नोंदवताना आधार कार्डावर किंवा दाखल्यावर जसं नाव आहे, अगदी तसंच लिहायचं. प्रमाणपत्रावर तेच छापून येणार आहे. घरात 'बाळू' म्हणतात म्हणून बाळू लिहून चालणार नाही.

त्यानंतर कोर्स निवडायचा. जानेवारी आणि जुलै अशी वर्षातून दोन सत्रं असतात. कोर्स चार आठवड्यांचे, आठ आठवड्यांचे, बारा आठवड्यांचे किंवा त्याहून थोडे मोठे असतात. आमचा सल्ला असा की, पहिल्या खेपेला एकच कोर्स घ्या आणि तो चार किंवा आठ आठवड्यांचाच घ्या. फुकट आहे म्हणून पोरं एकदम पाच-पाच कोर्सना नावं घालतात. लग्नातल्या पंगतीत पहिल्यांदाच ताट शिगोशीग भरून घेणारा माणूस निम्मं टाकून उठतो, तसं होतं. नाव घालण्याआधी त्या कोर्सची ओळख करून देणारा व्हिडिओ बघा, पहिल्या आठवड्यात काय आहे ते वाचा आणि प्राध्यापकांची भाषा आपल्याला पेलते का ते पाहा.

भाषेचं सांगायचं तर बहुतेक कोर्स इंग्रजीत आहेत. इथं आपली पोरं बिचकतात. त्याला आम्ही तीन उपाय करून पाहिले. व्हिडिओच्या खाली बोलण्याचे शब्द उमटतात ते चालू करायचे. बोलण्याचा वेग कमी करता येतो तो कमी करायचा. आणि शेजारी वही ठेवायची. एका व्याख्यानात अडलेले दहा शब्द वहीत लिहायचे, त्यांचा अर्थ शोधायचा आणि तेच व्याख्यान दुसऱ्यांदा ऐकायचं. पहिल्या आठवड्यात डोकं जड होतं, पण तिसऱ्या आठवड्यात तेच शब्द ओळखीचे वाटू लागतात, कारण प्रत्येक विषयाला आपले ठरलेले शब्द असतात. आपल्या खात्यातले शब्द आपण कुठल्या शाळेत शिकलो? कानावर पडून पडूनच शिकलो ना?

ज्यांना संगणकच नवीन आहे, त्यांनी मुंबईच्या आय.आय.टी.ने तयार केलेल्या 'स्पोकन ट्यूटोरियल'पासून सुरुवात करावी. सुमारे दहा-दहा मिनिटांचे ते पाठ आहेत आणि त्यांतले बरेच मराठीतून ऐकायला मिळतात. पत्र टाइप करणं, हिशेबाचा तक्ता करणं असल्या गोष्टी त्यात दाखवतात. आमच्या गटातल्या दोन भगिनी तिथूनच सुरू झाल्या.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, तिच्याखाली रेघ मारून ठेवा. कोर्सला नाव नोंदवणं वेगळं आणि परीक्षेचा अर्ज भरणं वेगळं. परीक्षेसाठी कोर्स चालू असतानाच निराळा अर्ज भरावा लागतो, फी भरावी लागते आणि त्याला शेवटची तारीख असते. ती तारीख गेली की अभ्यास कितीही झालेला असो, त्या सत्रात परीक्षा नाही. परीक्षा घरी बसून मोबाइलवर होत नाही. ठरलेल्या केंद्रावर जाऊन, ओळखपत्र दाखवून द्यायची असते. केंद्र दुसऱ्या शहरात आलं तर एस.टी.चं भाडं आणि रजा यांचा हिशेब आधीच धरून ठेवा.

गुणांची रीतही समजून घ्या. आय.आय.टी. मंडळींचे जे एनपीटीईएलचे कोर्स 'स्वयं'वर आहेत, त्यांत शंभरपैकी २५ गुण दर आठवड्याच्या स्वाध्यायांना आणि ७५ गुण शेवटच्या परीक्षेला असतात. बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये बारापैकी ज्या आठ स्वाध्यायांत चांगले गुण पडले तेच आठ धरतात. म्हणजे एखाद्या आठवड्यात पाळी बदलली, घरात आजारपण आलं, तरी सगळं बुडत नाही. पास व्हायला २५ पैकी किमान १० आणि ७५ पैकी किमान ३० असे दोन्हीकडचे गुण लागतात. नुसती परीक्षा चांगली देऊन भागत नाही. ज्याने स्वाध्याय सोडले त्याचं प्रमाणपत्र गेलंच म्हणून समजा.

कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींना यात आणखी एक लाभ आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमाप्रमाणे एका सत्रातल्या श्रेयांकांपैकी चाळीस टक्क्यांपर्यंत श्रेयांक 'स्वयं'च्या कोर्समधून घेता येतात. आधी ही मर्यादा वीस टक्के होती. मात्र कुठला कोर्स चालेल हे तुमचं कॉलेज आणि विद्यापीठ ठरवतं. म्हणून कोर्स सुरू होण्याआधीच कॉलेजात जाऊन लेखी विचारून घ्या. नंतर प्रमाणपत्र घेऊन गेलात आणि ते "हा आमच्या यादीत नाही" म्हणाले, तर कोणाशी भांडणार?

आता आमच्या गटाची हकीकत सांगतो. गेल्या जुलैत आम्ही नऊ जण बसलो. चार गिरणीतले, दोन भगिनी, दोन कॉलेजची पोरं आणि एक रिक्षा चालवणारे बंधू. विषय घेतला हिशेबाचा, म्हणजे अकाउंट्सचा, आठ आठवड्यांचा. कारण वस्तीत बचतगट आहेत, पतपेढी आहे, विहाराचा जमाखर्च आहे, तेव्हा शिकलेलं लगेच वापरात यावं. नऊपैकी परीक्षेला बसले चार आणि पास झाले तीन. हे आकडे लपवायचं काही कारण नाही. ज्यांचं सुटलं त्यांचं का सुटलं, तेच आज सांगण्यासारखं आहे. ते काही बुद्धीने कमी नव्हते.

एकाची पाळी तिसरी लागली. रात्रभर उभं राहून सकाळी डोळे मिटायचे, त्यात व्याख्यान कसलं ऐकणार? एका भगिनीच्या घरी मोबाइल एकच. तो नवऱ्याबरोबर सकाळी कामाला जायचा आणि रात्री दहाला यायचा, आणि आल्यावर त्यावर पोरांचा हक्क पहिला. रिक्षावाल्या बंधूंना परीक्षेच्या अर्जाची तारीख कळली तेव्हा ती होऊन गेलेली होती. कॉलेजच्या एका पोराला शिकवणीची नोकरी लागली. आणि एक जण, त्यांचं नाव घेत नाही, पहिल्या स्वाध्यायात दहापैकी तीन गुण पडले म्हणून लाजून यायचेच बंद झाले.

बघा, पाचही कारणं निराळी आहेत, पण औषध एकच आहे. जागा, ठरलेली वेळ आणि विचारपूस करणारं माणूस. जे तिघं पास झाले ते काही फार हुशार म्हणून झाले नाहीत. दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा ते इथं वरच्या खोलीत येऊन बसत होते आणि आला नाही त्याच्या घरी दुसरा जाऊन उभा राहत होता, म्हणून झाले.

आमच्या रिंग खात्यात साच्यावर एका वेळी शेकडो धागे चालू असतात. एखादा तुटला म्हणून साचा थांबत नाही. साच्यापुढचा माणूस फेऱ्या मारत असतो, तुटलेला धागा त्याच्या नजरेला पडतो आणि चालू साच्यावरच तो बोटांनी सांधतो. लगेच सांधला तर कापडात कळतही नाही. तसाच सोडला तर नुसता वायाळ कापूस निघत राहतो. अभ्यासाचं तसंच आहे. धागा तुटणार, घरसंसार असलेल्याचा तर हमखास तुटणार. तुटल्याबद्दल कुणाला दोष देऊ नका. फेऱ्या मारणारं माणूस पाहिजे, एवढंच.

आणि तुटण्याची लाज कशाला धरायची? खुद्द बाबासाहेबांचा लंडनचा अभ्यास मध्येच तुटला होता. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली त्यांना परतावं लागलं. पण निघण्याआधी त्यांनी विद्यापीठाकडून पुन्हा येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी घेऊन ठेवली. मग मुंबईला सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांची आणि मित्राची मदत घेतली आणि १९२० साली ते परत गेले. १९२१ साली एम.एस्सी., १९२३ साली डी.एस्सी. त्यांच्या विद्वत्तेची बरोबरी आपण करू शकत नाही. पण मुदत मागून घ्यावी, कागद हातात ठेवावा आणि परत जावं, एवढं तर आपल्यालाही जमण्यासारखं आहे. या सत्रात सुटलं तर पुढच्या सत्रात कोर्स पुन्हा लागतो का ते बघा आणि पुन्हा नाव घाला.

आता पदवीकडे वळू. वस्तीत बारावी होऊन थांबलेली, लग्न झालं म्हणून थांबलेली, बापाचं काम गेलं म्हणून थांबलेली कितीतरी मुलं-मुली आहेत. ज्यांची दहावी-बारावीच राहिली, त्यांच्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. आधी ते पुरं करा, मग पदवी. पदवीसाठी इग्नू आणि नाशिकचं मुक्त विद्यापीठ ही जुनी, सरकारी ठिकाणं आहेत. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्यता दिलेली आणखीही विद्यापीठं ऑनलाइन पदवी देतात. मान्यता असलेल्या विद्यापीठाची दूरशिक्षणाची किंवा ऑनलाइन पदवी ही नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे, असं आयोगाने २०२२ साली स्पष्ट केलं. त्याच वर्षी आयोगाने एका वेळी दोन पदव्या करायलाही परवानगी दिली. म्हणजे कॉलेजात जाणारी मुलगी दुसरी पदवी मुक्त विद्यापीठातून करू शकते.

मात्र 'मान्यता' हा शब्द दाराबाहेरच तपासायचा. विद्यापीठ अनुदान आयोगाचा दूरशिक्षण विभाग आहे. कुठल्या विद्यापीठाच्या कुठल्या पदवीला, कुठल्या सत्रासाठी मान्यता आहे, त्याची यादी तो प्रसिद्ध करतो. विद्यापीठ मोठं आहे म्हणून त्याची प्रत्येक ऑनलाइन पदवी मान्य असेलच असं नाही. त्या पदवीचं नाव त्या सत्राच्या यादीत पाहिजे. २०२४ पासून अशा प्रवेशासाठी विद्यार्थ्याने स्वतःचा डीईबी-आयडी काढावा लागतो. तो आपल्या हाताने काढा, एजंटाला काढू देऊ नका. आणि एवढं पक्कं ध्यानात ठेवा की डॉक्टरी, इंजिनिअरिंग, वकिली, नर्सिंग, फार्मसी यांच्या पदव्या घरबसल्या मिळत नाहीत. त्याला आयोगाची परवानगीच नाही. जो कोणी "घरबसल्या इंजिनिअर" म्हणेल, त्याला चहासुद्धा पाजू नका.

जवळच्या एका वस्तीतली गोष्ट आहे. एका मुलाला पोटापुरती पदवी पाहिजे होती. एजंट म्हणाला, "तीन वर्षं कशाला, एका वर्षात बी.ए. करून देतो, मागच्या तारखेचं." आईने मंगळसूत्र गहाण ठेवून हप्ते भरले. कागद मिळाला, छानपैकी सोनेरी शिक्क्याचा. नोकरीच्या ठिकाणी कागदपत्रांची तपासणी झाली आणि तो कागद त्यांनी बाजूला काढून ठेवला. पैसे गेले, वर्ष गेलं, नोकरी गेली, आणि पोलिसात जायचं तर आपणच अडकू की काय ही धास्ती. त्या पोराची चूक एवढीच की त्याला विचारायला कोणी नव्हतं. म्हणून हे जाहीरपणे सांगतो: मागच्या तारखेची पदवी, परीक्षेविना पदवी, आठ दिवसांत प्रवेशाची "शेवटची संधी", यातलं काहीही ऐकलं की उठून चालू लागा.

दुसरी भानगड हप्त्यांची. काही कंपन्या "महिन्याला थोडेच पैसे" म्हणून आपल्या मोबाइलवर सही घेतात आणि प्रत्यक्षात ते कर्ज असतं. मुलीने कोर्स सोडला तरी हप्ता बापाच्या खात्यातून कापला जातो. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानेच लोकांना सावध केलं होतं की, खात्यातून आपोआप पैसे कापण्याची परवानगी देऊ नका आणि अटी वाचल्याशिवाय सही करू नका. सहीसाठी मोबाइल पुढं केला की म्हणायचं, "कागद द्या, विहारात वाचून दाखवतो, मग बघू." खरा असेल तो थांबेल.

प्रवेशाआधी आणखी एक काम करा. शिष्यवृत्ती किंवा फीची सवलत त्या पदवीला लागू आहे का, हे समाजकल्याण कार्यालयात आणि विद्यापीठात विचारून घ्या. पैसे भरून झाल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

परदेशी विद्यापीठांचंही पोरं विचारतात. २०१२ साली अमेरिकेत कोर्सेरा आणि एडएक्स ही दोन ठिकाणं सुरू झाली. तिथं जगातल्या नामांकित विद्यापीठांचे कोर्स असतात. ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब १९१३ साली बोटीने गेले, त्या विद्यापीठाचेही कोर्स आज ऑनलाइन ऐकता येतात. ऐका, जरूर ऐका. पण ती दुसरी पायरी. आधी आपल्या घरचं एक पुरं करा.

शेवटी समितीकडे आणि तुम्हा सर्वांकडे आमच्या काही मागण्या आहेत. युनियनचा माणूस मागण्यांशिवाय भाषण संपवत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच.

विहाराची वरची खोली दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा आणि रोज संध्याकाळी सात ते नऊ अभ्यासासाठी राखून ठेवावी. त्या वेळेत तिथं कॅरम नाही, बैठक नाही. विहारासाठी इंटरनेटची एक जोडणी घ्यावी आणि वर्गणीतून एक साधा संगणक घ्यावा. ज्या घरात मोबाइल एकच आहे, त्या घरच्या भगिनींचा या संगणकावर पहिला हक्क राहील, असं समितीने ठरावात लिहावं. ज्यांना तेही जमत नाही त्यांच्यासाठी 'स्वयंप्रभा' नावाच्या शैक्षणिक वाहिन्या दूरदर्शनच्या फुकट डिशवर दिसतात. विहाराचा टी.व्ही. एरवी झाकूनच असतो, तो त्यासाठी उघडावा.

बाहेरच्या फळ्यावर परीक्षेच्या अर्जाच्या तारखा ठळक अक्षरांत लिहाव्यात. ते काम कॉलेजच्या मुलांनी घ्यावं. कुठल्याही विद्यापीठाला पैसे भरण्याआधी तो कागद अभ्यासगटाला दाखवायचा, असा वस्तीने आपसांत नेम करावा. आम्ही यादीत नाव शोधून देऊ. त्याची फी एक कप चहा.

घरच्या माणसांनाही विनंती आहे. सून किंवा लेक अभ्यासाला बसली की पहिल्या आठवड्यात सगळ्यांना कौतुक वाटतं. तिसऱ्या आठवड्यात भाकरी उशिरा झाली की तेच कौतुक संपतं. आठवड्यातले दोन तास तिच्या हातचं काम दुसऱ्याने करावं. आम्ही स्वतः रविवारी सकाळी घरची भांडी घासतो आणि त्याने आमच्या अंगावरचं काही झडलेलं नाही.

आणि तरुणांनो, हे प्रमाणपत्र मिळालं की उद्या नोकरी हातात पडेल, असं आम्ही सांगणार नाही. तसं सांगणारे जाहिरातवाले आहेत, आम्ही नाही. पण ज्या भगिनीने आमच्याबरोबर हिशेबाचा कोर्स पुरा केला, ती आज बचतगटाची खातेवही स्वतः लिहिते. गेल्या महिन्यात बँकेच्या माणसाने काढलेल्या व्याजाचा आकडा तिने दुरुस्त करून दाखवला. त्या दिवशी तिच्या पाठीमागे बारा बायका उभ्या होत्या. त्या बाराजणींपैकी पाचजणींनी यंदा नाव नोंदवलं आहे. शिकलेल्या माणसाचा वस्तीला उपयोग होतो, तो असा.

येत्या जुलैच्या सत्रासाठी नावं घ्यायला वही तिकडे दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. नाव लिहिताना दोन रकाने भरायचे आहेत. पहिल्यात स्वतःचं नाव, आणि दुसऱ्यात तुम्ही आला नाहीत तर तुमच्या घरी येऊन विचारणाऱ्याचं नाव. दुसरा रकाना रिकामा असेल तर पहिलं नाव आम्ही धरणार नाही. खीरदानाचा कार्यक्रम लगेच सुरू होतो आहे. रांग मोठी आहे, रांगेत उभं राहता राहता जोडीदार शोधा.